घरचं माणूस गप्प झालं तर: आधी काय, मग काय

आमच्याकडे विदर्भात घरातलं माणूस गप्प झालं की पहिलं काम उपदेशाचं होतं, दुसरं बाहेरचं पाहण्याचं, तिसरं सलाईन लावण्याचं. फवारणीचं औषध मात्र बाजेखाली होतं तिथंच राहतं. थोरल्या भावाच्या वेळी आम्हीही नेमकं हेच केलं. घरातली सगळी माणसं दादावर जीव टाकणारी होती, पण क्रम उलटा होता. त्यानंतर नात्यातल्या नि गावातल्या सात-आठ घरांसोबत जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो आणि जवळपास प्रत्येक घर त्याच जागी अडखळताना पाहिलं. म्हणून हा क्रम लिहून काढला.

मी डॉक्टर नाही. आजार कोणता आणि गोळी कोणती, हे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर आणि तिथून परतल्यावर घरानं काय करायचं, एवढंच इथं आहे.

## तयारी: वही, दोन माणसं, एक पिशवी

वही. रोज रात्री चार ओळी लिहायच्या: किती वाजता झोपला, रात्री कितीदा उठून बसला, किती जेवला, अंघोळ केली का, वावरात गेला का, दारू घेतली असेल तर किती घेतली. वहिनीनं दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिलं होतं: "१२ तारीख. रात्री २ ला उठून अंगणात. १३ तारीख. अर्धी भाकर. १४ तारीख. पोरीनं हाक मारली, ओ दिली नाही." डॉक्टरांनी आधी ती वही वाचली आणि मग दादाकडे मान वळवली. दादा स्वतः विचारल्यावर "बरं आहे" एवढंच म्हणाला होता.

उदासी हा आजार (डिप्रेशन) आहे की चार दिवसांचा घोर, हे ठरवताना डॉक्टर साधारण सलग दोन आठवड्यांचा हिशेब पाहतात. वही त्यासाठी आहे, पण ती भरायची म्हणून दोन आठवडे थांबायचं नाही. पहिला टप्पा आजच करायचा.

बाईमाणसाचं दुखणं वेगळ्या वाटेनं दिसतं. ती गप्प बसत नाही, स्वयंपाक-पाणी-निंदण सगळं करते आणि म्हणते, कंबर धरली, अंगात ताकद नाही, डोकं भणभण करते, जीव घाबरते. घरचे रक्तवाढीच्या गोळ्या आणतात आणि विषय मिटतो. कंबरदुखीच्या मागं महिनोन्‌महिने न लागलेली झोप आहे का, ते विचारा. बाळंतपणानंतर आई लेकराकडे पाहतच नसेल किंवा विनाकारण रडत असेल, तर "कच्ची बाळंतीण आहे, होते असं" म्हणून सोडू नका.

दोन माणसं. एक सोबत बसणारं, एक धावपळ करणारं. यापेक्षा जास्त नको. आम्ही भावकीच बोलावली होती. ओसरीवर अकरा माणसं, मधात दादा. पंचायत बसल्यासारखं झालं आणि त्यानंतर तो तीन दिवस खोलीबाहेर आला नाही.

पिशवी. आधार कार्ड, जुने दवाखान्याचे कागद, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. बीपी-शुगरची आणि आयुर्वेदाचीसुद्धा.

> थांबा: माणसाला कानात आवाज येत असतील, नसलेली माणसं दिसत असतील, "जेवणात काहीतरी कालवलं" असा संशय येत असेल, किंवा दोन-तीन रात्री डोळा न लागता तो सारखा बडबडत-फिरत असेल, तर फवारणीचं औषध हलवा आणि समजावण्यात वेळ न घालवता थेट तिसऱ्या टप्प्यावर जा.

## १. औषधाला कुलूप

आमच्या भागात फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात आणि तापाच्या गोळीलाही. शब्द एकच असल्यामुळं की काय, दोन्ही घरात सारख्याच बिनधास्तपणे पडलेली असतात.

हा टप्पा बोलण्याच्याही आधी का? जीव देण्याची ऊर्मी बहुतेक वेळा लाटेसारखी येते आणि ओसरते. ती टोकाला असते तो काळ काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तेवढ्यात हाताशी काही सापडलं नाही, तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. फवारणीचं औषध कुलपात ठेवायला ना दादाची संमती लागली, ना डॉक्टरची चिठ्ठी. एका संध्याकाळचं काम होतं, तरी आम्ही ते पंधरा दिवस केलं नव्हतं.

कसं करायचं:

1. घर, कोठा (ढोरांचा गोठा) आणि वावरातली झोपडी, तिन्ही ठिकाणी एकाच फेरीत पाहा. अर्ध्या वापरलेल्या बाटल्या, तणनाशक, उंदराचं औषध, ढोरांच्या गोचिडांचं औषध, म्हाताऱ्यांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या. आमच्याकडे दोन बाटल्या कोठ्याच्या आढ्याला खोचलेल्या निघाल्या, एक न्हाणीच्या खिडकीत.
2. सगळं टिनाच्या पेटीत घालून कुलूप लावा. पेटी आपल्या घरात न ठेवता भरवशाच्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे ठेवलेली बरी.
3. किल्ली दुसऱ्याच माणसाकडे. पेटी एकाच्या घरी, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.
4. हंगामात एका फवारणीपुरतंच आणा. कृषी केंद्रवाला "दोन घ्या, स्वस्त पडते" म्हणेल. घेऊ नका.
5. फवारणी या माणसाकडून करून घेऊ नका. मजूर लावा, सावड करा (एकमेकांच्या वावरात आळीपाळीनं काम).

नुसतं लपवून भागत नाही. घराचा कानाकोपरा ज्याला ठाऊक आहे, त्याच्यापासूनच तुम्ही लपवता आहात. कुलूपच पाहिजे. विचारलं तर वहिनीसारखं सांगा: "लेकरायचा हात लागन म्हणून ठेवलं." पुढं मोकळं बोलणं सुरू झालं की खरं कारण सांगून टाका, कोणी रागावत नाही.

> तपासा: रात्री टॉर्च घेऊन पुन्हा एक फेरी मारा. फवारणीच्या दिवसांत ही फेरी रोज.

> थांबा: कोणी काही प्यायल्याचा नुसता संशय जरी आला, तरी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, तूप, दूध काहीही पाजू नका. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा. औषध सांडलेले कपडे काढा, अंग पाण्यानं धुवा. बाटली सोबत घ्या, डॉक्टरांना नाव वाचता आलं पाहिजे.

पोलीस केसच्या भीतीनं लोक डॉक्टरांना "चुकून गेलं पोटात" सांगतात आणि तपासात वेळ जातो. दवाखान्यात नोंद होते, ती होऊ द्या. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम असं गृहीत धरतं की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, म्हणून त्याला शिक्षा नाही. उलट त्याच्या उपचाराची नि काळजीची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. असा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तसं राहिलेलं नाही.

## २. बोलणं, म्हणजे मुख्यतः ऐकणं

जागा. समोरासमोर बसवू नका. बाजूबाजूनं चालताना, धुऱ्यावर (वावराच्या बांधावर), बैलबंडीत, गाडीवर मागं बसून माणूस जास्त बोलतो. डोळ्यांत पाहावं लागत नाही. पारावर किंवा पानठेल्यावर तर हा विषय काढूच नका.

वेळ. संध्याकाळचा चहा झाल्यावर. घेतलेली असताना नाही. जेवताना तर नाहीच, घास अडकतो.

पहिलं वाक्य. तुम्हाला जे दिसलं तेवढंच बोला. माझं चुकलेलं वाक्य असं होतं: "दादा, हिंमत ठेव ना बाप्पा. लोकायचं पाय, त्यायच्यावर किती आली." दादानं मान हलवली आणि ढोरांना पाणी दाखवायला उठून गेला. महिनाभरानं, थोडी अक्कल आल्यावर, मी एवढंच म्हटलं: "तू रात्री दोन वाजता अंगनात बसून राहते. मले दिसते." आम्ही धुऱ्यावर होतो. तो थांबला. पऱ्हाटीचं एक सुकलेलं बोंड तोडून बोटांत फिरवत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "झोपच नाही लागत ना बे. डोया लावला का हिशेबच सुरू होते."

त्या बराच वेळात मी काही बोललो नाही, एवढंच काय ते मी बरोबर केलं. शांतता पडली की आपल्याला ती भरायची घाई होते. मनात वीसपर्यंत मोजा, पुन्हा मोजा.

टाळायची वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत: "तुले काय कमी हाय?", "मनाले लावून घेऊ नको", "पोरायकडे पाय", "मर्दासारखा मर्द अन्‌ रडते कायले". यांतलं शेवटचं सगळ्यात वाईट. "पोरायकडे पाय" हे प्रेमानं म्हटलं जातं, पण ज्याला आधीच आपण घराला ओझं झालो असं वाटतंय, त्याच्या डोक्यावर ते आणखी एक गाठोडं ठेवतं.

त्याऐवजी विचारा: "कधीपासून असं वाटून राहिलं?", "सकायी जास्त होते का रात्री?", "हे कोनाले सांगतलं का?" आणि तो बोलला की त्याचंच वाक्य परत म्हणा: "हिशेब सुरू होते म्हनते." पुढचं तो आपसूक सांगतो.

अवघड प्रश्न. हा विचारायलाच लागतो: "कधी जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येते का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं होतं, कारण तोवर ते एकटेच वाहत असतात. स्वर चहा घेतो का विचारण्याइतका सरळ ठेवा. उत्तर "हो" आलं तर दचकू नका, रडू नका, शपथ घालू नका. पुढं विचारा: कसं, कधी असं काही ठरवलं आहे का? ठरवलं असेल, तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

या गोष्टी तोंडातून निघत नसतील, तर आधी तुम्ही स्वतः १४४१६ वर फोन लावा. ही टेलि-मानस सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं आणि आजाऱ्याच्या घरच्यांनीही फोन केला तर चालतो. रेंजसाठी गच्चीवर चढावं लागलं तर चढा.

शिकलेल्या माणसालाच हे जमतं असं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनाच असं ऐकायला शिकवलं होतं. तिथं उदासीच्या आजारासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

> तपासा: अचानक शांत, हलका झालेला माणूस पाहून घर सुटकेचा श्वास सोडतं. त्याच आठवड्यात त्यानं लहानसहान उधाऱ्या फेडल्या, वस्तू वाटून दिल्या, "माह्यामागं पोट्ट्यायकडे लक्ष ठेवजो" असं काही म्हटलं, तर ते बरं होणं समजू नका.

## ३. दवाखाना गाठणं

बाहेरचं पाहणाऱ्याकडे जायचा आग्रह घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा असतो. त्यावर भांडत बसलात तर आठवडा जातो. माझा तोडगा: अंगारा लावायचा तर लावा, पण गाडी त्याच दिवशी दवाखान्यात जाईल. मारहाण, साखळीनं बांधणं, चटके, उपाशी ठेवणं इथं मात्र तडजोड नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

सलाईनचं वेगळंच. "अशक्तपणा आहे" म्हणून दोन बाटल्या लावल्या की माणसाला चार तास बरं वाटतं, घरालाही काहीतरी केल्यासारखं वाटतं. आमचे असे तीन आठवडे गेले.

कुठं जायचं? आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. आशाताईला सांगितलं तर ती वाट दाखवते. तिथून जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि सेवाग्रामच्या दवाखान्यातही मानसोपचार विभाग आहे. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय ऐकून लोक दचकतात, पण तिथंही बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासून, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येता येतं.

त्याला न्यायचं कसं? "वेड्याच्या दवाखान्यात" असं अर्थातच नाही, पण खोटं बोलूनही नाही. "बाजारात जाऊ" म्हणून नेलेला माणूस पुढच्या खेपेला गाडीत बसत नाही. "झोपेसाठी दाखवू" हे खरंही आहे आणि पचतंही. झोप नाही हे कबूल करायला कोणाला कमीपणा वाटत नाही.

निघण्याआधी फोन करून मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. सकाळची पहिली एसटी धरा. केसपेपर काढणाऱ्या माणसानं रांगेत राहायचं, सोबत बसणाऱ्यानं बाकावर. आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं आजाऱ्याला बोलू द्या, मग वही पुढं करा. आणि डॉक्टरांना एकदा एकट्यानं त्याच्याशी बोलू द्या, दाराबाहेर या. सुनेला आणलं असेल तर सासूनं आणि नवऱ्यानं दोघांनीही.

रक्त तपासायला सांगतील तर करा. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यांनीही माणूस मरगळतो. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पुष्कळ आहे, घरात कोणाला असेल तर आवर्जून सांगा.

> तपासा, खोलीतून बाहेर पडण्याआधी: गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर? पुन्हा कधी यायचं? काय झालं तर लगेच यायचं? कागदावर लिहून घ्या.

## ४. गोळ्या: इथं सगळ्यात जास्त घरं चुकतात

उदासीवर एस्सिटॅलोप्राम, फ्लुओक्सेटिन अशा गोळ्या बहुधा देतात. डोकेदुखीच्या गोळीसारखा त्यांचा गुण तासाभरात येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो: मळमळ, पोट बिघडणं, थोडी बेचैनी. म्हणजे सुरुवातीला गुण नाही आणि त्रासच. अर्धी घरं इथंच सोडतात. बहुतेकांचा त्रास आठ-दहा दिवसांत कमी होतो. जास्तच झाला तर गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना विचारा.

दुसरी अर्धी घरं सोडतात ती पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आणि आम्ही त्यांतले. पोळ्याच्या दिवशी दादानं बैल सजवले, झूल घातली, तोरणाखाली उभा राहून हसला. आईनं त्याच रात्री गोळ्या डब्यात टाकून दिल्या, "आता कायले पाहिजे, चांगला झाला ना माहा लेक." दसऱ्याला तो पुन्हा रात्रीचा अंगणात होता आणि या वेळी पहिल्यापेक्षा वाईट.

बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. किती, ते डॉक्टर सांगतात. बंदही हळूहळू कमी करत करतात. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होतो. तो पाहून लोक म्हणतात, "पाहा, सवय लागली." उदासीवरच्या या गोळ्यांची नशा लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, अल्प्राझोलामसारख्यांची, ज्या काही दुकानांत चिठ्ठीशिवाय मिळून जातात. त्या डॉक्टरांनी दिल्या तेवढेच दिवस घ्यायच्या.

पहिले काही आठवडे पहारा सैल करू नका. अंगात हालचाल मनाच्या आधी परत येते. माणूस उठून कामाला लागतो, पण आतला अंधार अजून तसाच असतो. पेटीची किल्ली या काळात हललीच नाही पाहिजे. गोळ्यांचं पाकीटही घरच्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा, रोजची गोळी हातात द्या. समोर घेतली का पाहा, पण तोंड उघडून दाखव असं म्हणू नका.

> तपासा: पाकिटात आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की दवाखान्याची तारीख धरा. सोंगणी-वेचणीच्या गडबडीत नेमकी हीच तारीख हुकते.

## ५. दारू

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि तिथली माणसं हे वाचून हसतील. बंदी असो-नसो, घरापुरता नियम एकच: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरातल्या घरात एकदम तोडू नका. शपथ घालून, माळ घालून, खोलीत कोंडून बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट, भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. सोडायची असेल तर दवाखान्यात सांगून सोडा, त्यासाठी काही दिवस गोळ्या देतात. डॉक्टरांपासून पिण्याचा आकडा लपवू नका. "कधी-मधी घेते" हे वाक्य त्या खोलीत उपयोगाचं नाही. किती नि किती वाजता, तेवढं सांगा.

## ६. कर्ज आणि मोबाइल

हा विषय लोक सगळ्यात आधी काढतात. मी मुद्दाम इतक्या मागं ठेवला आहे. झोप नसलेल्या माणसाला आकडा दाखवला की त्याला तो दुप्पट दिसतो. गोळ्या सुरू होऊन, झोप लागायला लागून दोन-तीन आठवडे झाले की मग एक कागद घ्या आणि चार रकाने पाडा: कोणाचं, किती, व्याज किती, कधी द्यायचं. बँक, बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचं, कृषी केंद्राची उधारी, सावकार, पाहुण्याचे. दादाच्या डोक्यातला आकडा कागदावर उतरला तेव्हा निम्म्याच्या थोडा वर निघाला. तो एकच रक्कम रात्रभर वेगवेगळ्या नावांनी मोजत होता.

बिनपरवाना सावकार त्रास देत असेल किंवा जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४च्या सावकारी कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

तरण्या पोरांचं गप्प होणं हल्ली मोबाइलमधून सुरू होतं. पैशाचे गेम, कर्ज देणारी ॲपं, मग सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवू अशा धमक्या. त्यातच लग्न जमत नाही, "शेती करते" म्हटलं की पोरीकडचे चहाही पूर्ण पीत नाहीत. पोरगा रात्रभर जागा असेल, फोन वाजला की दचकत असेल, तर मोबाइल हिसकू नका. जवळ बसून विचारा, कोणाचे पैसे आहेत का. धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, आणखी पैसे भरू नका.

## ७. घरातली माणसं एकमेकांशी

घरात एक आजारी पडला की दोष सुनेवर येतो. "तिचा पायगुन", "तिनंच टोचलं असन." वहिनी सहा महिने हेच ऐकत होती आणि वर रात्रीचा पहाराही तीच देत होती. म्हणून पहारा वाटून घ्या. आमच्याकडे शेवटी असं ठरलं: दहा ते एक मी, एक ते चार आई, पुढं वहिनी. म्हाताऱ्या माणसाला तसंही पहाटेची झोप नसते, पण आई एकला उठायला तयार झाली यात पुष्कळ काही मिटलं.

सांभाळणाऱ्याला आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा पाहिजे. माहेरी, बाजाराला, कुठंही. वहिनी तेव्हा नुसती झोपायची.

नवरा-बायकोत रोजची दहा मिनिटं ठेवा, ज्यात पीक, पैसा आणि पोरांच्या फीचा विषय काढायचा नाही. पहिले आठ दिवस बोलायलाच काही सुचणार नाही. सुचलं नाही तरी बसा.

आणि मार खाणाऱ्या बाईला "त्याची तब्येत बरी नाही, समजून घे" असं कोणीच सांगू नये. आजार आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. तिला माहेरी जायचं असेल तर जाऊ द्या, उपचार तिच्यावाचूनही चालू राहतात.

> थांबा: लेकरांना "बाबाले काही नाही झालं" असं सांगू नका, त्यांना दिसत असतं. "बाबाची झोप बिघडली आहे, गोळ्या सुरू आहेत, तुझ्यामुळं नाही झालं." एवढी तीन वाक्यं पुरतात.

## ८. भिंतीवरचं कॅलेंडर

उदासी पुन्हा येऊ शकते, आणि येण्याआधी बहुधा झोप बिघडते. म्हणून वही बंद करू नका, रोजच्याऐवजी आठवड्याला एक ओळ लिहा. कॅलेंडरवर आपल्या घराच्या अवघड तारखांना गोल करा: पेरणीनंतर पाऊस दडी मारतो ते दिवस, बोंडअळीचे दिवस, पहिल्या वेचणीचा भाव कळतो तो आठवडा, मार्चअखेर, घरात कोणी गेलं असेल तर ती तिथी. गोल आला की त्या आठवड्यात दोन गोष्टी करा, पेटीचं कुलूप ओढून पाहा आणि धुऱ्यावर एक फेरी सोबत मारा.

किल्ली परत मागायची घाई नको. आमच्याकडे पेटी अजून चुलतभावाच्या घरी आहे आणि किल्ली वहिनीच्या कमरेला. फवारणीच्या दिवशी ती मजुरासोबत वावरात जाते, उरलेलं मोजून परत आणते. यंदाच्या मार्चच्या पानावर गोल दादानंच केला आहे. खाली पेन्सिलीनं लिहिलं आहे: "गोळ्या ८ राहिल्या. बुधवारी जाणे. एसटी ७.१०."